भट्टीत सोनं टाकणारी

कुंदा,

तुझ्यासाठी एक निरोप आहे. तो तुला ऑपरेशनच्या आधीच मिळायला हवा होता, पण मिळाला नाही. मी तो शेवटी देणार आहे. तुला नेहमी उत्तर आधी हवं असायचं आणि रीत नंतर. आज माझ्या मनाप्रमाणे होऊ दे. आधी थोडं भांडायचं आहे.

एडिसन गावातल्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. लोकांनी तुला इतकं गोड करून टाकलं की मला तू ओळखूच येईनास. ‘शांत स्वभावाच्या’ म्हणे! ‘मितभाषी’ म्हणे! मी मागच्या रांगेत बसून शेजारच्या काकूंना विचारणार होते, की काकू, आपण चुकीच्या हॉलमध्ये तर नाही ना आलो? शांत कोण, तू? जिच्या आवाजाने आपल्या लॅबचा कॉरिडॉर दुपारच्या झोपेतून जागा व्हायचा, ती? माझ्या प्रत्येक गणितावर ‘काय लिहून राहिली तू हे?’ म्हणून वसकन ओरडणारी? पण तुझा फोटो समोर ठेवला होता आणि त्यात तू खरंच शांत दिसत होतीस, म्हणून मी गप्प बसले. मग रडले. तुझा अरविंद सगळ्यांना चहा देत होता. त्याच्या हातात ट्रे बघून मला आणखीच रडू आलं.

त्याच काकूंनी मला मध्येच विचारलं, ‘कुंदा नक्की काय करायची गं? भट्टीत सोनं टाकायची म्हणतात, ते खरं का?’

तुला तो गणपतीचा कार्यक्रम आठवतो? तू मोदक वळता वळता बायकांना तुझं काम समजावून सांगत होतीस. लोखंडाची भट्टी म्हणजे दहाबारा मजली उंच पोलादी डबा. वरून खनिज आणि कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, टाकायचा, खालून तापलेली हवा सोडायची आणि तळातून वितळलेलं लोखंड काढायचं. पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. आत काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही, कारण आत गेलेला माणूस सांगायला परत यायचा नाही. ‘मग आम्ही काय करतो,’ तू म्हणालीस, ‘दुधात केशराची काडी टाकून रंग कुठे कुठे पसरतो ते बघतो नं आपण, तसं भट्टीत किरणोत्सारी सोनं टाकतो. ते लोखंडात विरघळून त्याच्याबरोबर वाहतं. बाहेर आलं की किरणं मोजणारा काउंटर टकटक करतो. कुठून टाकलं, किती वेळाने आलं, यावरून आतली वाट कळते.’

बायकांनी बाकीचं सगळं सोडलं आणि सोनं तेवढं धरलं. ‘किती तोळे टाकता?’ ‘परत मिळतं का?’ तू म्हणालीस, नथीच्या फाशाएवढी तार असते, आणि परत काही मिळत नाही, त्या सोन्याचा हळूहळू पारा होतो. सोन्याचा पारा! सगळ्यांचे हात मोदकावरच थांबले. एक मावशी तर म्हणाल्या, ‘बाई, असली नोकरी सोड.’ तू इतकी हसलीस की हातातला मोदक फुटला. पण घरी परतताना गाडीत तू एकदम गंभीर झालीस. म्हणालीस, ‘वसू, मला अजूनही खरं वाटत नाही गं. एवढीशी तार. टनावारी लोखंडात गेलेली. आणि तरी ती सांगते, मी इथे आहे. हे काय कमी आहे का?’

कमी नाही गं. तेव्हा मी ‘हं’ म्हटलं आणि टर्नपाइक हायवेचं एक्झिट शोधत राहिले. भट्टी माझ्यासाठी कॉम्प्युटरमध्ये होती. लोखंड कसं वाहत असेल याची समीकरणं मी मांडायची आणि ती खरी की खोटी हे तू भट्टीलाच विचारून यायचीस. तिथून आलीस की हेल्मेटने चपटे झालेले केस विंचरत म्हणायचीस, ‘एकदा ये नं तू. त्या हवेच्या नळीला काच असते, तिच्यातून एकदा आत बघ.’ मी म्हणायची, मला उकडतं. पुण्याच्या बाईला उकडतं, यावर नागपूरकरणीने जे बोलायचं ते सगळं तू बोलून घ्यायचीस.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या जुन्या भट्टीचं काम आलं या उन्हाळ्यात. त्या भट्टीच्या आतल्या विटा किती उरल्यात, हा प्रश्न होता. दक्षिणेच्या भिंतीतले तापमान सांगणारे तारांचे तुकडे केव्हाच जळून गेले होते, त्यामुळे ती बाजू आंधळी झालेली. कारखान्याचे साहेब म्हणत, भिंत धडधाकट आहे, आणखी दोन हिवाळे काढेल. तुला तसं वाटत नव्हतं. आत कोकचा मोठा ढीग बसलेला असतो. लोखंड त्याच्या पोटातून सावकाश झिरपत असेल तर ठीक. पण ढिगाला वळसा घालून भिंतीला घासत धावत असेल, तर ते विटा खात असणार. आणि एक दिवस पोलाद फोडून बाहेर येणार. त्या भिंतीच्या अगदी बाहेर कामगारांची जेवायची खोली होती. तू ती बघून आली होतीस. तिथे कुणीतरी आपल्या मुलीचं चित्र चिकटवलंय, असं तू मला दोनदा सांगितलंस.

सोनं सोमवारी रिअॅक्टरमधून निघून थेट कारखान्यात यायचं होतं. त्याच्या आधीच्या बुधवारी मी आपल्या लॅबमध्ये काउंटर तपासत होते. जवळ काहीच ठेवलेलं नसताना काटा किती दाखवतो, ते बघून ठेवायचं असतं. काटा नेहमीच्या जागी होता. तू आत आलीस, चष्मा शोधायला, आणि काटा वर चढला. तू गेलीस, काटा खाली. मला वाटलं मशीन बिघडलं. तू चहा घेऊन परत आलीस, काटा पुन्हा वर. माझी पाचावर धारण बसली. जुन्या कामातलं काही तुझ्या अंगाला लागलं की काय? मी तुझा स्वेटर काढायला लावला, चप्पल बाहेर ठेवली, हात धुवायला लावले. काटा जसाच्या तसा. तू मात्र एक शब्द बोलत नव्हतीस. तिथेच मला कळायला हवं होतं, कुंदा गप्प म्हणजे काहीतरी मोठं आहे.

मग मी किरणांची ताकद मोजली. ते सोनं नव्हतं. आपण वापरत होतो त्यातलं काहीच नव्हतं. ते थॅलियम होतं. थॅलियम भट्टीत कोण घालतं? कुणी नाही. दवाखान्यातले लोक ते शिरेतून टोचतात, हृदयाला रक्त कुठे पोचतंय ते बघायला. मी काउंटरची नळी तुझ्या छातीशी धरली. टकटक इतकी वाढली की वेगळी ऐकूच येईना, एकच सलग आवाज झाला. ते तुझं हृदय होतं, कुंदा. माझ्या हाताखाली, आपल्याच काउंटरमधून. मी इतकी घाबरले होते, तरी मला ते थक्क करणारं वाटलं. अजून वाटतं.

‘अय्या, विसरलेच मी,’ तू म्हणालीस. जन्मभर किरणोत्सार मोजणारी बाई दवाखान्यात थॅलियम टोचून घेते आणि दुसऱ्या दिवशी काउंटरसमोर येऊन उभी राहते, आणि म्हणते विसरले! सगळ्या जगापासून लपवलंस आणि पकडली गेलीस ती आपल्याच काट्याकडून.

मी ओरडले असते, पण तेवढ्यात तू पर्समधून हृदयाची फिल्म काढून उजेडासमोर धरलीस. कडं होतं, बांगडीसारखं, आणि एका बाजूला ते तुटलेलं. ‘इथे पोचत नाहीये,’ तू म्हणालीस. ‘पण बघ किती सुंदर आलंय! तीच युक्ती आहे वसू, आपलीच. आत न जाता आतलं बघायचं.’ तुझे डोळे चमकत होते. स्वतःच्या हृदयातली खराब जागा बघून चमकत होते! असल्या बाईपुढे माणसाने काय बोलावं?

मी बोलायचं ते बोललेच. डॉक्टरांनी लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं आणि तू आठवडाभराची मुदत मागून आली होतीस. मी म्हटलं, आधी ऑपरेशन. तू म्हणालीस, आधी भट्टी. मी म्हटलं, सोनं मी मोजते. ‘परवाना माझ्या नावावर आहे. मी नसले तर ते सोन्याचा डबा उघडूही देणार नाहीत,’ तू म्हणालीस. ‘आणि सोनं माझ्यासाठी थांबत नाही, चारपाच दिवसांत विरून जातं. पुन्हा सगळं जुळवायचं म्हणजे हिवाळा उजाडेल. तोवर ते लोक त्या खोलीत जेवणार.’ मी म्हटलं, तुला काही झालं म्हणजे? तू म्हणालीस, ‘माझी भिंत कुठे पातळ झाली ते निदान मला माहीत आहे. त्यांना तेही माहीत नाही.’

एकच गोष्ट मी जिंकले. अरविंदला त्याच संध्याकाळी सांगायला लावलं. मी तुमच्या सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसले होते आणि तुझा तो सज्जन अरविंद, ज्याने कधी आवाज चढवला नाही, तो टेबलावर हात आपटून म्हणाला, ‘तू काय त्या भट्टीशी लग्न केलंयस का?’ तुमची मीना कॉलेजातून घरी आलेली होती. ती रडत होती आणि रडता रडता विचारत होती, ‘वेट, मावशी, मॉम इज रेडिओअॅक्टिव्ह राइट नाऊ?’ तू म्हणालीस, ‘थोडीशी.’ आणि हसलीस. अरविंद जेवला नाही. शेवटी ठरलं, तू जायचं, पण जिने चढायचे नाहीत, गाडी चालवायची नाही आणि मंगळवारी रात्रीच्या आत परत. वर भट्टीजवळ मी जायचं.

मी! जिला उकडतं ती!

सोमवारी कारखान्यात फोरमन वॉल्टरने मला चंदेरी कोट चढवला. मला काही दिसेना, काही ऐकू येईना, पायाखालची जमीन थरथरत होती. तू खाली ट्रेलरमध्ये, काउंटरपाशी. माझ्या कानाशी वॉकी-टॉकी आणि त्यात तुझा आवाज. ‘घाबरू नको. सोनं नंतर. आधी काचेतून बघ.’ मी म्हटलं, कुंदा, वेळ जातोय. ‘जाऊ दे. बघ आधी.’

मी निळ्या काचेला डोळा लावला.

किती वेळ बघत होते, मला सांगता येणार नाही. समोर पांढरा उजेड होता आणि त्यात पेटलेल्या कोकचे तुकडे उडत होते, गरगर फिरत होते, कढईत लाह्या फुटाव्यात तसे. त्यांच्यामधून मधूनच एखादा काळपट थेंब खाली उतरायचा. ते लोखंड होतं. दगडाचं लोखंड होताना मी बघत होते. इतकी वर्षं मी ज्याची समीकरणं लिहिली ते माझ्यापासून हातभर अंतरावर होत होतं आणि त्याला माझ्या समीकरणांची काही गरज नव्हती. मला देवासमोर कधी वाटलं नाही तसं वाटलं. मला तिथून हलावंसं वाटेना.

‘बघितलं?’ तू विचारलंस. ‘हो.’ ‘मग बोल की काही!’ मला बोलता येईना. तिकडून तुझं हसू आलं. ‘मीही पहिल्यांदा गप्पच झाले होते,’ तू म्हणालीस. मितभाषी!

वॉल्टरने नळी धरली, मी कळ दाबली, आणि ती एवढीशी तार दक्षिणेच्या बाजूने आत गेली. काही झालं नाही. काही दिसलं नाही. भट्टीने नोंदही घेतली नाही. नंतर खाली लोखंडाचा पाट सुटला, माणसं लांब दांड्याच्या पळीने त्यातलं थोडं थोडं उचलून साच्यात ओतत होती, गार करून ट्रेलरकडे धावत होती. लोखंडाला ढिगातून झिरपत यायला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्या कितीतरी आधी वॉकी-टॉकी कुरकुरला. तुझा आवाज एकदम बारीक झाला होता. ‘वसू. आलं.’ ‘इतक्या लवकर?’ ‘आलं गं. भिंतीने आलं.’ दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून टाकलेलं सोनं रमतगमत आलं. दक्षिणेचं मात्र धावत आलं होतं. ट्रेलरचं दार उघडलं तर तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होतीस, घामाने भिजलेली, आणि चेहरा असा, की जणू तुला कुणीतरी विश्वासात घेऊन काहीतरी सांगितलंय.

कारखान्याच्या साहेबांना ते मान्य नव्हतं. मीटिंगवर मीटिंग. आपण मंगळवारी परत आलो, तोवर काही ठरलं नव्हतं. शुक्रवारी तुला ऑपरेशनला आत नेत होते, तेव्हा तू माझा हात धरून एकच विचारलंस. ‘बंद केली का?’ मी म्हटलं, अजून नाही, आज ठरेल. ‘उठले की पहिलं तेच सांग,’ तू म्हणालीस.

तू उठली नाहीस.

त्यानंतर रोज संध्याकाळी अरविंदचा फोन यायचा. रोज तोच प्रश्न. ‘वसू, एक आठवडा आधी केलं असतं तर?’ सर्जन म्हणाला, हृदय फार थकलेलं होतं, आठवड्याने फरक पडला असता असं म्हणवत नाही. पडला नसता असंही म्हणवत नाही. मी अरविंदला हेच सांगायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आणि खरं सांगू? फोन ठेवला की मी स्वतःलाही तेच विचारायची आणि तुझ्यावर चिडायची. अजून चिडलेय. आधी ऑपरेशनच करायला हवं होतं, कुंदा. हे भांडण मी हरले असं समजू नकोस.

मागच्या आठवड्यात वॉल्टरचा फोन आला. भट्टी गार होऊन आतलं सगळं खणून काढलंय, बघायला या. मी अरविंदला म्हटलं, चल. तो म्हणाला, मला त्या भट्टीचं तोंड बघायचं नाही. सकाळी मात्र माझ्या दारात गाडी घेऊन उभा होता.

आम्ही आत उभे राहिलो, भट्टीच्या तळात. जिथे कुणी जाऊ शकत नाही असं तू सांगायचीस, तिथे आम्ही बूट घालून उभे होतो. वर बघितलं तर खूप उंचावर आभाळाचा एक छोटासा गोल. उत्तरेला माणसाच्या उंचीइतकी जाड विटांची भिंत शाबूत होती. दक्षिणेला ती खाल्ली गेली होती, एखाद्या नदीने दरड कोरून काढावी तशी, आणि सोन्याने सांगितलं होतं अगदी त्याच बाजूला. अरविंदने पुढे होऊन त्या जागी हात टेकवला आणि बोटं ताणून वीत मोजली. त्याचा अंगठा विटेच्या आतल्या कडेला होता आणि करंगळी पलीकडच्या पोलादावर. वीतभरही उरली नव्हती. त्याने हात तसाच ठेवला आणि वॉल्टरला विचारलं, याच्या पलीकडे काय आहे? वॉल्टर म्हणाला, ‘आमची जेवायची खोली.’ ‘तुम्ही रोज तिथे जेवायचात?’ ‘प्रत्येक शिफ्टला.’

अरविंद बाहेर येऊन त्या खोलीत गेला. भिंतीवरचं ते चित्र अजून आहे, कुंदा. घर, सूर्य आणि हिरवं कुत्रं. 

परतीच्या वाटेवर मी वाट बघत होते, आता तो रोजचा प्रश्न विचारेल, आता विचारेल. त्याने विचारलं नाही. घराजवळ, वेस्ट विंडसरला पोचलो तेव्हा म्हणाला, ‘तिला कळलं होतं का?’ मी म्हटलं, नाही. साहेबांनी शुक्रवारी दुपारी सही केली, तेव्हा ती ऑपरेशनच्या टेबलावर होती.  तो म्हणाला, ‘मग तूच सांग तिला. तुलाच सांगायला सांगितलं होतं नं तिने.’

आज खंडेनवमी. दरवर्षी तू लॅबमध्ये काउंटरची पूजा करायचीस, हळदकुंकू वाहायचीस, आणि सेफ्टी ऑफिसर दरवर्षी घाबरून विचारायचा, ही पिवळी पावडर कसली? यंदा मी केली. अंगणातला झेंडू आणला. अरविंद आणि मीनाही आले. मीनाने कुंकू लावलं, जरा जास्तच लावलं. मशीन बंद ठेवून पूजा केली की तू रागवायचीस, झोपलेल्या देवाला काय ओवाळताय म्हणायचीस, म्हणून मी ते सुरू केलं.

ते दोघं खाली गाडीपाशी गेल्यावर मी एकटीच थांबले. दाराकडे बघत. काटा नेहमीच्या जागी होता. मी बराच वेळ बघितलं, तो हलला नाही. तरी मी मोठ्याने सांगितलं, तुझ्या खुर्चीकडे बघून.

कुंदा, भट्टी बंद केली गं.